नमो माउरे

मुलांच्या चुकांचा मला कधी राग येत नाही. मनिलाजवळच्या अँतिपोलोच्या डोंगरावर अडतीस वर्षं मी तिसरीचा वर्ग घेतला. 'बी'चं पोट पाठीला लावणारी, 'एस' भलत्याच दिशेला वळवणारी, स्वतःच्या नावातलं एक अक्षर रोज घरी विसरून येणारी शेकडो मुलं माझ्या हाताखालून गेली. मूल चुकलं की खोडरबर मागतं. मोठं माणूस चुकलं की सोनेरी रंग मागवतं. त्या मे महिन्यात तो सोनेरी रंग मी या डोळ्यांनी पाहिला, म्हणून हे लिहून ठेवते.

निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात रोज दुपारी मी आमच्या वाडीच्या चॅपलमध्ये मुलांना जमवते. मुलं मरिया मातेला फुलं आणतात, प्रार्थना शिकतात आणि शेवटी बिस्किटं खातात. ती बिस्किटांसाठीच येतात असं म्हणणारे लोक आहेत. ते लोक स्वतः चॅपलमध्ये कशासाठी येतात ते मला ठाऊक आहे, पण ते असो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिरवणूक निघते. राण्यांचे पोशाख घातलेल्या तरुण मुली, फुलांच्या कमानी, बँड, आणि सगळ्यांत पुढे पांढऱ्या झग्यातल्या, पंख लावलेल्या आठ लहान मुली. एकेकीच्या हातात एकेक अक्षर. ए, व्ही, ई. मग एम, ए, आर, आय, ए. आवे मारिया. म्हणजे नमो मरिये.

आठ अक्षरं, आठ मुली. कोण मुलगी निवडायची हे मी रूपावरून ठरवत नाही, बापाच्या गाडीवरूनही नाही. जिने महिनाभर एकही दिवस चुकवला नाही तिला अक्षर. त्या वर्षी 'आय' हे अक्षर लुनिंगनिंगच्या वाट्याला आलं. नऊ वर्षांची पोर, 'आय'सारखीच सरळ आणि बारीक. जास्वंदीची फुलं रोज आणायची. ती डोन्या माउराच्या रिसॉर्टच्या कुंपणावरून तोडलेली असत हे मला माहीत होतं. मरिया मातेलाही माहीत असणार. दोघीही काही बोललो नाही.

लुनिंगनिंगची आई बेलेन मोठ्या चर्चच्या आवारात सुमान आणि काजू विकते. तिथे मनिलाहून लोक कोऱ्या गाड्या घेऊन येतात, फादर बॉनेट उघडायला लावून पवित्र पाणी शिंपडतात, आणि गाडीवाले पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या चार जुड्या घेऊन परत उतरतात. सुमान नेलं नाही तर तुम्ही डोंगरावर गेला होतात यावर खाली कुणी विश्वास ठेवत नाही. दहा वर्षं दुसऱ्यांच्या प्रवासाला आशीर्वाद मिळताना पाहून झाल्यावर आता बेलेन स्वतः निघाली होती. रियाधला, कुणाच्या तरी घरी, कुणाची तरी मुलं सांभाळायला, दोन वर्षांसाठी. पासपोर्ट तिने मोठ्या चर्चमधल्या मरियेच्या, सुखरूप प्रवासाच्या माउलीच्या, पायांशी ठेवून आणला होता. ती माउलीही गलबतातून समुद्र ओलांडून इथे आलेली, तिला या गोष्टी कळतात.

विमान मंगळवारचं होतं. मिरवणूक रविवारी.

"बाई," बेलेन मला म्हणाली, "तिला पंख लावून चालताना बघते आणि मग जाते. दोन वर्षं तेवढंच डोळ्यांसमोर धरून काढायचीत मला."

झगा तिने स्वतःच्या लग्नाच्या पोशाखातून शिवला होता. "आता मला कुठे लागणारेय तो," म्हणाली.

आता डोन्या माउराबद्दल सांगायला हवं. दर वर्षी उत्सवाचा भार उचलणारी एक हर्माना असते. पूर्वी हर्माना म्हणजे गावजेवण घालणारी, मूर्तीच्या रथामागे अनवाणी चालणारी कुणीतरी बाई असे, आणि उत्सव संपला की तिचं नाव आठवायला जरा वेळ लागे. त्या वर्षीची हर्माना होती माउरा लाक्सामाना. उतारावर तिचं तीन तलावांचं रिसॉर्ट आहे. तिचं नाव विसरायला तिने जागाच ठेवली नव्हती. वाडीच्या तोंडाशी कमान, कमानीवर मरिया मातेचा फोटो आणि शेजारी माउराचा. माउराचा थोडा मोठा, कारण केसांचा फुगा मावत नव्हता. पाण्याच्या बाटल्यांवर माउरा. हातपंख्यांवर माउरा, उकडलं की तिच्याच तोंडाने वारा घ्यायचा. चॅपलमागे दोन तात्पुरते संडास आणून ठेवले होते. त्यांच्या दारांवरही 'हर्माना माउरा यांच्या सौजन्याने'. माणूस आत जायच्या आधी तिला बघून जाई.

हे सगळं बनवलं आम्बोने. आम्बो आमच्या वाडीचा पाटीवाला. थर्माकोल कापतो, बॅनर छापतो, प्रवासी वाहून नेणाऱ्या जीपनींच्या कपाळावर देवांची नावं रंगवतो. त्या आठवड्यात त्याने एकेचाळीस वेळा 'माउरा' कापलं होतं.

शनिवारी दुपारी तो मुलींची अक्षरं घेऊन चॅपलमध्ये आला. सुंदर, हातभर उंच, पांढरी. त्याने ती भिंतीशी ओळीने उभी केली. मी मुलींना म्हटलं, "वाचा बघू."

मुली वाचू लागल्या. ए, व्ही, ई. एम, ए... आणि तिथे थांबल्या.

"बाई," लुनिंगनिंग म्हणाली, "माझं अक्षर कुठंय? आणि हे कुणाचं?"

मी चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता. एम, ए, यू, आर, ए.

"आम्बो," मी म्हटलं, "हे काय आणलंस?"

आम्बोने बघितलं. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "अरे देवा! बाई, हात आपोआप चालला हो. आठवडाभर दुसरं काही कापलंच नाही मी. मोजलीसुद्धा, आठच भरली!"

भरणारच. दोन्ही नावं पाचच अक्षरांची.

"काही बिघडत नाही," मी म्हटलं. "यू बाजूला ठेव, एक आय काप. आय तर सगळ्यात सोपं. एक काठी."

"आत्ता कापतो. पाच मिनिटं."

त्याला ती पाच मिनिटं मिळाली असती तर ही गोष्ट लिहायची गरजच पडली नसती. पण तेवढ्यात चॅपलचा अध्यक्ष पिद्योंग आत आला, आणि त्याच्यामागून डोन्या माउरा. सोबत मनिलाहून आलेली तिची सहा वर्षांची नात शांताल. पिद्योंग माउरासाठी छत्री धरून होता. आतमध्ये, छपराखाली.

माउरा भिंतीसमोर उभी राहिली. ओठ हलवत एकेक अक्षर वाचू लागली. तिसरीतही ती असंच वाचायची. वाचून झालं आणि तिने छातीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी!

"हे... हे तुम्ही माझ्यासाठी केलंत?"

आम्बोने माझ्याकडे पाहिलं. मी पिद्योंगकडे पाहिलं. पिद्योंगने छताकडे.

"एवढी माझी लायकी नाही हो," माउरा म्हणाली. म्हणणं खरं होतं, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं. "पण तुमचं प्रेम मी नाकारू कशी?"

"माउरा," मी म्हटलं, "ही चूक आहे. आम्बोचा हात घसरला. आवे म्हणजे नमो. हे लिहिलंय नमो माउरे. तुला नमो?"

"बाई, तुम्ही अजून वर्गातच आहात," ती गोड हसली. "प्रेमाने केलेल्या गोष्टीत चुका काढू नयेत."

"तिसरीतही तू हेच म्हणायचीस."

पिद्योंग मध्ये पडला. "बाई, तसं बघायला गेलं तर माउरा नावाची एक संतसुद्धा असेल ना कुठेतरी. संत तर पुष्कळ आहेत. मग नमो म्हटलं तर..."

"पिद्योंगदादा, असेल म्हणजे?" आम्बो हळूच म्हणाला. "आहे का नाही?"

"तू गप रे. तू पाट्या रंगव."

मग पिद्योंगला कल्पना सुचली. त्याच्या कल्पना नेहमी दुसऱ्याच्या पैशांकडे बघून सुचतात. नवीन अक्षर यू, आणि घरात नवीन पाहुणी शांताल. मग यू शांतालच्या हातात द्यावा. नातीने आजीच्या नावातलं अक्षर धरायचं, किती गोड! माउराला ते इतकं आवडलं की यू सोनेरी करायचा आणि त्याच्यात बारीक दिवे बसवायचे, हेही तिथेच ठरलं. आम्बोला सोनेरी रंगासाठी पिटाळलं.

"आणि आय?" मी विचारलं. "लुनिंगनिंग काय धरणार?"

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ती आधीच सरळ उभी होती, आता आणखी सरळ झाली.

"बाळा, तू मागे चालशील ना, मेणबत्त्यांच्या मुलांत?" माउराने तिचा गाल कुरवाळला. "माझ्या नावात आय नाही गं. मी काय करू?"

हे वाक्य मी नंतर खूप जणांना सांगितलं. कुणाचाच विश्वास बसत नाही. पण ती अगदी असंच म्हणाली, गाल कुरवाळत.

मी तिथेच आणखी वाद घातला. अक्षरं मोजून दाखवली, अर्थ सांगितला. चॅपलमध्ये तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. एकजण म्हणाला, एवढ्या लांबून अक्षरं कोण वाचतंय. दुसरी म्हणाली, डोन्याने यंदा छपराचे पत्रे दिलेत. तिसरा नुसताच हातपंख्याने वारा घेत राहिला, तिच्याच तोंडाने. त्यातल्या अकरा जणांना वाचायला मी शिकवलं होतं. त्या दिवशी मला वाटलं, उगाच शिकवलं.

सगळे गेल्यावर लुनिंगनिंग वेदीजवळ फुलं नीट करत बसली. रडत नव्हती.

"बाई, आईला सांगू नका हं," ती म्हणाली. "ती वळणावर उभी राहणार आहे. मी मागे असेन. तिला वाटेल मी पुढे होते, तिलाच दिसली नाही."

असल्या खोट्यावर मी कधीच छडी उगारली नाही. पण मला ते गिळवेना.

"लुनिंगनिंग, आय कसा काढतात?"

"उभी काठी."

"उद्या तुझ्या हातात काय असणार?"

"मेणबत्ती." ती थांबली. वर्गात एखादं मूल थांबतं आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी हलतं, तो क्षण मी अडतीस वर्षांत हजारदा पाहिला असेल आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही. "बाई! मेणबत्ती म्हणजे आयच की!"

"आयच. पेटवलेला."

"पण जागा तर नाहीये."

"जागा नाही हे खरं," मी म्हटलं. "पण तुझी जागा कुठली ते तुला माहीत आहे ना?"

"आरच्या नंतर. शेवटच्या एच्या आधी."

"ते विसरू नकोस, एवढंच. आणि कापडात गुंडाळून ठेवलेले पंख उद्या लावूनच ये. पंखांवर कुणाचं सौजन्य नाही."

रविवारी सकाळी डोन्या माउराने आपली नवी पांढरी गाडी मोठ्या चर्चला नेऊन आशीर्वाद घेतला. संध्याकाळी ती गाडी, आरशांना मोगऱ्याच्या माळा बांधलेली, मिरवणुकीच्या शेवटी हळूहळू येत होती. का, ते कुणी विचारलं नाही. उत्सवात माउलीचा रथ असतो तशी माउराची गाडी असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. माउरा स्वतः मात्र अक्षरांच्या अगदी मागे चालत होती, म्हणजे फोटोत अक्षरं आणि ती एकत्र यावीत.

मी अक्षरांच्या बाजूने चालत होते. मुलींना रांगेत ठेवणं माझं काम. ए, व्ही, ई. एम, ए, सोनेरी लुकलुकता यू, आर, ए. दोन्ही बाजूंना माणसं, हातात मेणबत्त्या, तोंडात प्रार्थना. प्रार्थनेत 'मरिये', डोळ्यांसमोर 'माउरा', आणि कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. एका म्हाताऱ्याने मात्र अक्षरं वाचली, परत वाचली आणि शेजाऱ्याला विचारलं, "माता बदलली का रे?"

"गप बसा आजोबा. संडास कुणी दिलेत?"

आमच्या वाडीचा चढ पायांना दया दाखवत नाही. मनिलाहून चालत येणारे भाविक त्या चढावर देवाचं नाव घेतात आणि मग दुसरंही बरंच काही घेतात. शांतालला तिच्या आजीने टाचेच्या चपला घातल्या होत्या. शिवाय यूच्या पोटात दिव्यांची बॅटरी, चांगली किलोभर. पोरीचा काही दोष नव्हता. ती अर्ध्या चढापर्यंत मुकाट्याने आली, हे मी तिच्या बाजूने सांगते. मग तिने यू रस्त्यावर ठेवला आणि त्याच्यावरच बसली.

"लोला, पाय दुखतात," तिने आजीला हाक मारली.

"ऊठ बाळा, थोडंच राहिलंय. फोटोवाला पुढे आहे."

"मला नाही हे धरायचं. हे जड आहे. मला एसीत बसायचंय."

"शांताल!"

"आणि हे अक्षर चुकीचं आहे," पोर रडत म्हणाली. "शाळेत आम्हाला शिकवलंय. याच्यात यू नसतोच!"

जवळपासच्या माणसांनी प्रार्थना थांबवली. मला त्या मुलीचा मुका घ्यावासा वाटला. त्या अख्ख्या मिरवणुकीत चुकीला मोठ्याने चूक फक्त तिनेच म्हटलं, आणि तीही पाहुणी.

माउराने इकडेतिकडे पाहिलं, हसण्याचा प्रयत्न केला, मग नातीला उचलून मागे गाडीकडे चालू लागली. गाडीचं दार उघडलं, थंड हवा आणि मोगऱ्याचा वास बाहेर आला, दार बंद झालं. सोनेरी यू रस्त्यात लुकलुकत पडून राहिला.

पिद्योंग धावत आला. छत्री अजून हातात, पण आता तिच्याखाली कुणी नव्हतं.

"थांबा थांबा! रांग तुटली! पोरींनो, पुढे सरका, सरका!" त्याने मुलींना ढकलून एकत्र केलं, मागे सरून वाचलं आणि घाबरला. एम, ए, आर, ए. "बाई! हे 'मारा' झालं! बाई, एक कमी पडतंय!"

"हो का?" मी म्हटलं. "कितवं?"

"म्हणजे?"

"पिद्योंग, तिसरीत तुला मी शंभरदा सांगितलं. घाबरायचं नाही. सावकाश वाचायचं. बोट ठेवून. कितवं अक्षर नाही?"

आणि त्या माणसाने, सत्तेचाळीस वर्षांच्या, चॅपलच्या अध्यक्षाने, भर रस्त्यात हवेत बोट धरून वाचलं. "एम... ए... आर..." बोट थांबलं.

त्या बोटासमोर लुनिंगनिंग येऊन उभी राहिली होती. मी तिला हाक मारली नव्हती. मागच्या मेणबत्त्यांच्या रांगेतून, राण्यांच्या घेरांतून वाट काढत, कापसाचे पंख सांभाळत ती आली आणि आर आणि ए यांच्या मध्ये शिरली. दोन्ही हातांनी मेणबत्ती छातीसमोर सरळ धरली. उभी काठी. वर ज्योत.

पिद्योंगचं बोट अजून वरच होतं. "आय," तो म्हणाला. अगदी हळू. मग, "ए."

"शाब्बास," मी म्हटलं. "आता चला."

बँडवाल्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं, पण बँडवाल्यांना कधीच काही कळावं लागत नाही. ते वाजवू लागले. मिरवणूक चढ चढून वळणावर आली. खाली मनिला दिव्यांनी भरायला लागलं होतं. वळणावरच्या भिंतीवर, सगळ्यांच्या वर, बेलेन उभी होती. माझ्याकडे तिसरी करून ती चौथीपर्यंत शिकली होती, मग शाळा सुटली. तिने हात पुढे करून एकेक अक्षर मोजत वाचलं, ओठ हलवत. ओठ हलवून वाचणाऱ्या सगळ्याच बाया सारख्या नसतात. आयजवळ आल्यावर ती थांबली. पुढचं अक्षर तिने वाचलंच नाही.

लुनिंगनिंगने मान वळवली नाही. मी शिकवलं होतं, मिरवणुकीत इकडेतिकडे बघायचं नाही. पण मेणबत्ती तिने आणखी एक वीतभर वर उचलली.

सोमवारी वाडीच्या तोंडाशी नवा बॅनर लागला. रविवारचाच फोटो, आठ मुली, आवे मारिया, आणि कोपऱ्यात वर्तुळात माउराचा हसरा चेहरा. खाली लिहिलेलं: 'मेणबत्तीची ही सुंदर कल्पना हर्माना माउरा यांची.' पिद्योंगने तो बॅनर लावताना शिडी धरली होती. मला पाहून तो म्हणाला, "बाई, स्पेलिंग बघा. सगळं बरोबर आहे."

"बरोबर आहे," मी म्हटलं. अक्षरं खरंच बरोबर होती. बाकीच्या गोष्टी शिकवायला मी त्याच्या वर्गावर पुरेशी वर्षं नव्हते.

मंगळवारी दुपारी बेलेन निरोप घ्यायला आली. हातात एकच बॅग. तिने ती उघडून मला दाखवलं: मोज्यात गुंडाळून ठेवलेला मेणबत्तीचा उरलेला तुकडा.

"विमानतळावर काढून टाकायला लावतील का हो बाई?"

"काय आहे विचारलं तर सांग, अक्षर आहे."

ती हसली, मग रडली, मग जीपनी आली. लुनिंगनिंग तिच्याबरोबर मोठ्या चर्चपर्यंत गेली आणि सुमानची टोपली सांभाळणाऱ्या मावशीकडे उतरली.

सोनेरी यू आता माझ्याकडे आहे. आम्बोने आणून दिला, त्याला तो ठेवायची लाज वाटत होती. बॅटरी संपली आहे. मुलांना अक्षरं शिकवताना मी तो वापरते. परवा लुनिंगनिंगच लहानांना शिकवत होती. "हा यू," ती म्हणाली. "हा रिकाम्या भांड्यासारखा दिसतो. नीट लक्षात ठेवा, कारण हा कुठेही येऊन बसतो."